पहारेकऱ्याला विचारलेले प्रश्न

हॅरो, ७ ऑगस्ट २००५

वरदा,

एका प्रश्नाचं उत्तर मला हॅरोत कुणी देऊ शकत नाही, म्हणून तुला लिहितोय. दोन वर्षांनी लिहितोय हे माहीत आहे. तू पाकीट न उघडता ठेवून दिलंस तरी मी समजून घेईन, पण उघडलंस तर निदान प्रश्न वाच.

गेल्या महिन्यात निसारकाका एक पुस्तक घेऊन आला. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये मिळालं म्हणाला. इंडोनेशियातल्या अंबोयना बेटावरच्या डच किल्ल्याची हकिगत. मी म्हटलं, मी काय करू याचं? तर म्हणाला, "वाच. तुझी मुलगी दिवसभर काय करते ते तरी कळेल." माझ्या हातात पुस्तक देऊन चहा न घेता गेला.

मी वाचलं. आधी तुझ्यावरच्या रागाने वाचलं, मग राग बाजूला राहिला. १६२३ सालचा फेब्रुवारी. लवंगेचं बेट. किल्ल्यात डच कंपनीची माणसं, बाहेर एका घरात मूठभर इंग्रज व्यापारी. युरोपात झालेल्या तहामुळे कागदावर दोघं मित्र, पण लवंग दोघांनाही हवी. डचांनी पगारावर ठेवलेले काही जपानी शिपाईही किल्ल्यात होते. त्यांतल्या एकाने तटावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, तुम्ही किती जण असता, पहारा कधी बदलतो. एवढंच. त्याला पकडलं. त्याच्या जबाबातून बाकीचे जपानी, त्यांच्या जबाबांतून इंग्रज, आणि शेवटी दहा इंग्रजांची मुंडकी उडवली. जपानी वेगळेच.

माझा प्रश्न असा, की त्याने का विचारलं? कट होता म्हणून, की नुसतं कुतूहल? तू मूळ डच कागद वाचतेस. त्यांत काय आहे?

इकडे सगळं ठीक. जुलैत लंडनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत माझ्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी राहते. पाय पसरून बसता येतं.

दोन वर्षांपूर्वी शिल्पाच्या लग्नात जे झालं त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. लिहायला बसलो की तेच लिहीन आणि प्रश्न राहून जाईल.

बाबा


हॅरो, २८ ऑगस्ट २००५

वरदा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, माझं वाचन चालू आहे.

कबुलीजबाब कसे घेतले ते आता वाचलं. माणसाला बांधायचं, तोंडाभोवती फडकं गुंडाळायचं आणि त्यावर पाणी ओतत राहायचं. तो श्वास घ्यायला जातो तर पाणी आत जातं. मी आयुष्यभर छातीचे रोगी तपासले. दम्याचा मोठा अटॅक आलेल्या माणसाला तुम्ही काहीही विचारा, तो हो म्हणतो. त्या वेळी तो खरंही बोलत नसतो आणि खोटंही. त्याला फक्त पुढचा श्वास हवा असतो. हे त्या किल्ल्यातल्या कुणाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. कळत असूनही त्यांनी त्या जबाबांवर सह्या घेतल्या.

पण मी त्या डचांचाही विचार करतोय. परक्या बेटावर थोडी माणसं. ताप, उकाडा, मायदेशाची बातमी यायला वर्ष लागणार. बेटावरचे लोक आपल्यावर चिडलेले, समुद्रात शत्रूची जहाजं असल्याच्या अफवा. अशा जागी भिंतीच्या आत बसलेल्या माणसाला कुणी साधं किती वाजले विचारलं तरी त्यात काही दिसत असेल. ते दुष्ट होते म्हणून घाबरले, की घाबरले होते म्हणून दुष्ट झाले? याचाही विचार कर.

ब्लॅकवॉलला जाऊन आलो, विशेष काही नाही.

आणखी एक विचारायचं होतं. ज्यांनी दुसऱ्यांची नावं घेतली, त्यांना ती नावं विचारली गेली होती का? की काहींनी आपण होऊन सांगितली?

निसारकाका दर गुरुवारी फिरायला येतो, तो हल्ली आलेला नाही. कामात असेल.

बाबा


लायडन, १० सप्टेंबर २००५

प्रिय बाबा,

तुमचे दोन पत्र मिळाली. मी मराठीत लिहिते कारण तुम्ही मराठीत लिहिलात. आईने शिकवलेलं अक्षर अजून आहे पण व्याकरण गेला आहे, हसू नका.

पहिला प्रश्न. तो शिपाई आधी म्हणाला की सहज विचारलं. मग पाणी ओतला. मग त्याचा उत्तर बदलला. आता मी डच कागद वाचते तेव्हा मला दुसरा उत्तर मोठ्या अक्षरात दिसतो आणि पहिला छोटा. पण पहिला पण तिथे आहे. खरं काय ते मला माहीत नाही. कोणालाच नाही. बरेच इतिहासकार म्हणतात कट नव्हता. काही म्हणतात थोडा काहीतरी होता. मी अजून ठरवलं नाही.

पण तुमचा पुस्तक फक्त इंग्लिश बाजू सांगते. इंग्लिश कंपनीने लंडनमध्ये छापून सगळ्यांना राग आणला, कारण त्यांना पण लवंग पाहिजे होता. त्या बेटावर लवंगाची झाडं ज्यांची होती, त्या लोकांबद्दल दोन्ही बाजूच्या कागदात काय आहे? किती झाडं, किती वजन. नाव कमी. मी ते नाव शोधते. हेच माझा काम आहे. तुम्ही कधी विचारला नाहीत म्हणून सांगते.

दुसरा प्रश्न. त्यांना कोणी "तू केलंस का" असं विचारत नव्हतं. विचारत होते, "अजून कोण?" तो प्रश्न असा आहे की कोणाचं तरी नाव सांगितल्याशिवाय संपत नाही. आपण होऊन कोणी नाव दिलं का, ते कागदात दिसत नाही. एक गोष्ट दिसते. मरायच्या आधी त्यांनी एकमेकांची माफी मागितली, नाव घेतलं म्हणून. निदान इंग्लिश लोक असं लिहितात.

आता माझा प्रश्न. मी जुने पत्र वाचायची नोकरी करते बाबा. एक माणूस चार पानं प्रश्न लिहितो आणि ब्लॅकवॉलबद्दल एकच वाक्य. तुम्ही भाजी आणायला गेलात तरी अर्धा पान लिहिता. आणि नंतर लगेच नाव घेण्याबद्दल विचारता, आणि नंतर लगेच निसारकाका.

काय झालं?

वरदा


हॅरो, १८ सप्टेंबर २००५

वरदा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. व्याकरणाला हसलो नाही. एकदा आईच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं.

सांगतो.

त्या काळी इंग्रज कंपनीची जहाजं टेम्सकाठच्या ब्लॅकवॉलहून सुटत, असं पुस्तकात होतं. मला ती जागा बघायची इच्छा झाली. फिंचली रोडला गाडी बदलून गेलो. जहाजं बांधायची ती जागा आता राहिलेली नाही, पण गोदीची एक जुनी भिंत उभी आहे. ती पुष्कळ नंतरची, पण चांगली जाड. शेजारी काचेची ऑफिसं. एका इमारतीच्या दाराशी सिक्युरिटीचा तरुण उभा होता. त्याला विचारलं, ही भिंत किती जाड असेल, पलीकडे काय आहे, पाण्यापर्यंत जायला वाट आहे का. तो बरा बोलत होता. मग मी विचारलं, तुम्ही इथे किती वाजेपर्यंत असता. मला परत येऊन बघायचं होतं आणि तोच भेटला तर बरं, म्हणून विचारलं. खरंच तेवढंच होतं. त्याचा चेहरा बदलला. तो आत गेला आणि मी भिंतीशी उभा राहिलो. मला वाटलं, कुणाला तरी विचारून येतोय.

पोलीस आले. माझ्या पिशवीत डबा, छत्री, पुस्तक आणि वही. वहीत मी पेन्सिलीने अंबोयनाच्या किल्ल्याचा नकाशा काढला होता. चार बुरूज, दरवाजा, आणि मराठीत खुणा. इथे पहारा. इथे दारूगोळा. इथून आत. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि मी वाचून दाखवलं, वरदा. माझ्याच तोंडून ते इंग्रजीत ऐकताना मला कळलं की मी काय वाचतोय.

मला पोलीस स्टेशनवर नेलं. नीट वागले. साखर किती घालायची ते विचारून चहा दिला. एक बाई अधिकारी होती, तुझ्याच वयाची असेल. तिने विचारलं, हे पुस्तक तुम्हाला कुणी दिलं? मी म्हणू शकलो असतो, चॅरिटी शॉपमधलं आहे. ते खरंच होतं. मी म्हणालो, माझं नाही, डॉक्टर निसार मुकादमांचं आहे. तिने नाव लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं. आणि मग त्याचा पत्ता सांगितला. रस्ता, घराचा नंबर, पोस्टकोड. पत्ता तिने विचारला नव्हता.

माझ्या तोंडावर कुणी फडकं धरलं नव्हतं. मी तुला कळवळून कळवळून त्या पाण्याबद्दल लिहिलं, आणि माझ्यासमोर तर चहाचा कप होता.

संध्याकाळी मला सोडलं. त्याच आठवड्यात निसारकडे पोलीस गेले. हे मला रुखसानाभाभीने फोनवर सांगितलं. त्याचा कॉम्प्युटर नेला, जुन्या पेपरांचा खोका नेला. शेजारचे खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, निसारला फोन द्या. ती आत गेली आणि परत येऊन म्हणाली, तो बाथरूममध्ये आहे. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तो बाथरूममध्येच होता.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. नाहीतर ते एक वाक्यच राहिलं असतं.

आणि शिल्पाच्या लग्नाचं. मंडळातल्या लोकांना मी सांगत होतो की तू हॉलंडला कॅन्सरवर रिसर्च करतेस. प्रमोदिनीबाईंनी तुला पंगतीत तुझ्या पेशंटबद्दल विचारलं आणि तू ताटावरून उठलीस. तू हॉस्पिटलची नोकरी सोडून इतिहासाकडे वळलीस याची मला लाज वाटत होती असं तुला वाटलं. तसं नव्हतं. तू जे करतेस ते मला समजत नव्हतं, आणि न समजणाऱ्या गोष्टीबद्दल लोकांनी प्रश्न विचारले की काय सांगायचं, याची भीती वाटत होती. आता थोडं समजतं. झाडं मोजलेली आहेत आणि माणसांची नावं नाहीत. हे मी कुणालाही सांगू शकेन.

बाबा


हॅरो, ९ ऑक्टोबर २००५

वरदा,

तू फोनवर म्हणालीस, "जा आणि बेल वाजवा." म्हणून गेलो.

फोन न करता गेलो. निसारने स्वतः दार उघडलं. दाढी वाढलेली. मला बघून तो बाजूला झाला नाही आणि दारही लावलं नाही, नुसता उभा राहिला. मी म्हटलं, आत येऊ का? तर म्हणाला, "ये ना. हे काय विचारणं आहे."

आम्ही पुढच्या खोलीत बसलो. कॉम्प्युटरच्या टेबलावर अजून जागा रिकामी होती. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं, ते म्हटलं. तुझा पत्ता मी दिला, त्यांनी विचारला नसताना दिला, मला क्षमा कर.

तो म्हणाला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पोलिसांनीच सांगितलं. पत्त्याचं काय एवढं, फोनबुकात आहे.

 मला वाटलं, आता खरं बोलेल, आता रागावेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

"रघू, त्यांनी मला विचारलं, डॉक्टर आगाशे तुमचे कोण? मी म्हटलं, एका हॉस्पिटलात होतो. ओळख आहे."

तो तसाच पुढे म्हणाला,

"ओळख आहे म्हटलं मी. त्यांनी परत विचारलं, जवळचे मित्र का? मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. रुखसाना दारात उभी होती, तिने ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही."

तुला कदाचित माहीत नसेल. तुझ्या जन्माच्या आधी, लँकेशरमध्ये आम्ही दोघं ज्युनियर असताना, निसारला टीबी झाला होता. एका फुप्फुसात मोठी पोकळी. त्याला घरी कळवायचं नव्हतं, आणि इथे त्याचं कुणी नव्हतं. मी त्याचा डॉक्टर होतो आणि त्याच्यासाठी पेजही मीच करत होतो. बरा झाल्यावर त्याने गावाकडून आंब्यांची पेटी मागवली, ती इथे पोचेपर्यंत नासली, आणि त्यातले दोनच आंबे धड निघाले ते दोन्ही त्याने मला दिले.

म्हणजे मी समजत होतो तो रागावलाय, आणि तो समजत होता की त्याने काय म्हटलं ते मला पोलिसांकडून कळलंय. दोघंही एकमेकांसमोर यायचं टाळत होतो.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तुझ्याशी खोटं बोलत नाही. "तसं काही नाही" हे शब्द मला घरी येईपर्यंत ऐकू येत होते. पण त्याच्यासमोर बसलो असताना मला त्या बाईने स्पेलिंग विचारलं होतं ते आठवत होतं, आणि मी किती सावकाश, किती नीट सांगितलं होतं तेही.

रुखसानाभाभी आत आली. तिने आमच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, की दोन म्हातारे आपापल्या घरात तोंड लपवून बसलेत आणि जग काही थांबलेलं नाही, आता पुरे. मग निसारला म्हणाली, दाढी कर.

चहा झाल्यावर त्याने तुझी चौकशी केली. मी तुझं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं. माफी मागितल्याच्या ओळीवर त्याने मला थांबवलं आणि विचारलं, "त्यांतले काही वाचले ना रे? जे वाचले त्यांचं पुढे काय झालं? एकमेकांशी बोलले का कधी?"

मी म्हटलं, वरदाला विचारायला हवं.

"मग विचारू या," तो म्हणाला. "पत्राने नको. कागद बघायचेत मला."

तर आम्ही यायचं म्हणतोय. तुला चालेल का ते कळव. निसारला विमान नको आहे, म्हणून हार्विचहून बोटीने येऊ.

बाबा


बोटीवर, २९ ऑक्टोबर २००५

वरदा,

थोड्या वेळाने तू आम्हाला लायडनच्या स्टेशनवर भेटशील, तरी लिहितोय. हे बोलून सांगताना माझा आवाज नीट राहणार नाही. भेटल्यावर हातात देईन, नंतर वाच.

हार्विचला बोटीत चढण्याआधी रांगेतून आम्हा दोघांनाच बाजूला घेतलं. साध्या कपड्यांतला पोलीस, पन्नाशीचा, कंटाळलेला. पासपोर्ट बघितले. कुठे जाताय, कशासाठी, किती दिवस. निसार माझ्या डाव्या बाजूला होता. त्याने हातातली बॅग खाली ठेवली.

मी म्हटलं, माझी मुलगी लायडनला इतिहासकार आहे. ती आम्हाला अंबोयनाचे जुने कागद दाखवणार आहे. त्याने विचारलं, कुठलं ते? मी सांगायला लागलो. लवंग, किल्ला, डच, इंग्रज. बहुतेक जरा जास्तच सांगितलं, कारण त्याने हात वर करून मला थांबवलं.

मग तो निसारकडे वळला. सहजच विचारलं, रोज शंभर लोकांना विचारत असेल तसं.

"आणि तुम्ही दोघं एकमेकांना कसे ओळखता?"

निसारने आधी माझ्याकडे बघितलं. मागची माणसं आमच्याकडे बघत होती. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो की निसार, ओळख आहे म्हण, सुटू दे, बोट निघून जाईल. निसारने माझ्या दंडाला धरलं.  आणि वॉर्डात राउंड घेताना त्याचा जो आवाज असायचा त्या आवाजात तो म्हणाला,

"हा माझा मित्र आहे. तरुणपणी मी मरायला टेकलो होतो. याने मरू दिलं नाही. तुम्हाला याच्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा, मला सगळं माहीत आहे."

त्या माणसाने दोन्ही पासपोर्ट पुन्हा एकदा बघितले. मग आम्हाला परत दिले आणि म्हणाला, खाली बोट हलते, वर बसा.

आम्ही वर बसलो.  समुद्र करडा आहे, वारा आहे. निसारने सँडविच काढलं, अर्धं मला दिलं. ते संपल्यावर उठून कठड्याशी गेला.

तिथे एक खलाशी दोर गुंडाळत होता. निसारने त्याला विचारलं, इथे पाणी किती खोल आहे. खलाशाने सांगितलं. मग विचारलं, बोटीवर माणसं किती, एका वेळी कामावर किती असतात, पाळी कधी बदलते. मी इथून ऐकतोय. त्याचा आवाज वाऱ्यावर सगळीकडे जातोय आणि दोन-चार जण मान वळवून बघतायत.

त्याला बाहीला धरून परत आणावं म्हणून मी उठलो होतो. पण आता तो खलाशी दोर खाली ठेवून हातवारे करून त्याला काहीतरी समजावतोय, आणि काय ते मला इथून नीट ऐकू येत नाही.

वही मिटतो. जाऊन ऐकतो.

बाबा